आडी महिन्यातली दिवाळी

आषाढी एकादशीला देव निद्रिस्त झाले की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त थांबतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. इकडे तामिळनाडूत त्याच सुमारास आडी महिना लागतो. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा हा सौर महिना देवीच्या उपासनेचा. गल्लोगल्लीच्या अम्मनच्या देवळांत नाचणीची आंबील वाटली जाते, कडुलिंबाच्या डहाळ्यांची तोरणे लागतात; परंतु लग्नकार्याला हा महिना वर्ज्य. मग कापडाच्या दुकानांत गिऱ्हाईक यावे कसे? चेन्नईच्या व्यापाऱ्यांनी या अडचणीतून वाट काढली ती ‘आडी तळ्ळुपडि’ची, म्हणजे आडी महिन्यातल्या सवलतीची. या चार आठवड्यांत त्यागरायनगरात, ज्याला सारे शहर टी. नगर म्हणून ओळखते, उस्मान रस्त्यावर आणि रंगनाथन रस्त्यावर अशी गर्दी उसळते की, चालणाऱ्याला आपले पाय कोठे पडत आहेत हे दिसू नये.

मी या शहरात राहावयास आले, त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. जुलै महिन्याच्या भर उकाड्यात आमच्या शेजारच्या मामी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होत्या. (इकडे शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणावयाचे, मामाचा संबंध असो वा नसो.) पिशवीत नातीसाठी रेशमी परकराचे कापड, म्हणजे ‘पट्टू पावाडै’ आणि मुलासाठी वेष्टी. कशासाठी म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “दिवाळीसाठी!” मला हसू आले. अजून श्रावण लागावयाचा होता. मामींनी पिशव्या खाली ठेवल्या आणि शांतपणे सांगितले, “दुकानदार सूट देतो म्हणून मी आता आणत नाही. शिंपी वेळ देतो म्हणून आणते.”

या एका वाक्याचा अर्थ मला समजावयास पुष्कळ वर्षे लागली, आणि तो मी पदरचे पैसे मोडून शिकले. वाचकांना तो फुकट मिळावा, एवढाच या लेखाचा हेतू.

दिवाळीचे कपडे ही इकडे आणि आपल्याकडे सारखीच निकराची बाब आहे. उत्तर हिंदुस्थानात दिवाळीचा मुख्य सोहळा अमावास्येच्या रात्री होतो. आपला आणि तामिळ लोकांचा मात्र नरकचतुर्दशीच्या पहाटे. तेल, उटणे, ऊन पाणी, आणि मग नवे कपडे. इकडे नव्या कपड्याच्या कोपऱ्याला हळदीचे बोट लावून घरातील वडीलमाणूस तो हाती देते, आणि त्या दिवशी भेटणारा प्रत्येकजण “गंगास्नान झाले का?” असे विचारतो. तात्पर्य, कपडा हवा तो त्या पहाटे पाच वाजता. सहा वाजता मिळालेला काय कामाचा? शिंप्याकडे आदल्या रात्री अकरा वाजता रांगेत उभे राहून, काज न केलेला सदरा घेऊन घरी आलेले गृहस्थ मी पुण्यात पाहिले आहेत आणि चेन्नईतही. येथे आणखी एक संकट असते ते पावसाचे. आपला पाऊस दसऱ्याला संपतो. चेन्नईचा खरा पाऊस ईशान्येकडून ऑक्टोबरात येतो आणि डिसेंबरापर्यंत मुक्काम करतो. दिवाळीच्या आठवड्यात धुतलेले वाळत नाही, आणलेले भिजते.

आता माझ्या फजितीची हकीकत सांगते. माझी थोरली बहीण सांगलीस असते. तिची मुलगी, माझी भाची, नोकरीनिमित्त चेन्नईत माझ्याकडेच राहत होती. गेल्या वर्षी तिने येथल्याच एका तामिळ मुलाशी लग्न करण्याचे ठरविले. दोन्ही घरांनी आनंदाने संमती दिली आणि आडी संपताच, आवणी महिन्यात, साखरपुडा करण्याचे ठरले. हाताशी दिवस होते वीस. ताईने पोस्टातील आवर्ती ठेव मुदत पुरी होण्याआधीच बंद केली आणि पैसे माझ्याकडे पाठविले. निरोप एवढाच: “पोरीला खरी कांचीपुरम घे. सासरची माणसे त्याच मुलखातली आहेत, त्यांना कळते.”

रविवारी संध्याकाळी, आडीच्या शेवटच्या आठवड्यात, मी भाचीला घेऊन एका मोठ्या दुकानात शिरले. दुकानाचे नाव येथे सांगत नाही. दोष बराचसा माझाही होता. त्या गर्दीत साडी उलगडून पाहावयास जागा नव्हती. विक्रेता एकामागून एक घड्या फेकीत होता, मागून माणसे रेटीत होती. राणी रंगाची, रुंद हिरव्या काठाची एक साडी भाचीला आवडली. हातमागाची आहे ना, असे मी विचारले. “शंभर टक्के,” असे उत्तर आले. पैसे मोजून आम्ही बाहेर पडलो. मग पोलक्यासाठी शिंपी शोधण्याची धावपळ. चार शिंप्यांनी नकार दिला, पाचव्याने दुप्पट शिलाई सांगितली, आणि साखरपुड्याच्या दिवशी सकाळी पोलके हाती दिले. बाह्या दंडावर इतक्या घट्ट की हात वर करता येईना. उसवावे म्हटले तर शिवणीत माया ठेवलेलीच नव्हती. त्या दिवसाच्या साऱ्या छायाचित्रांत आमची भाची दोन्ही हात अंगाशी घेऊन उभी आहे. पाहणाऱ्याला वाटते, किती विनयशील मुलगी!

खरा घाव मात्र नंतर बसला. समारंभानंतर मामी साडीची घडी घालावयास बसल्या. त्यांनी ती उलटी केली, काठ डोळ्यांजवळ नेला आणि काही न बोलता घडी पुरी केली. मी खोदून विचारले तेव्हा म्हणाल्या, “साडी सुंदर आहे. पण ही मागावरची नाही, यंत्रावरची आहे.” ताईची तीन वर्षांची बचत त्या काठात गेली होती. ताईला मी अजूनही ते सांगितलेले नाही. हा लेख तिच्या वाचनात आला तर तिला ते कळेल, आणि कळावे असेच मला वाटते.

मामींनी काय पाहिले, ते सांगते. कारण गर्दीत नव्हे, पण निवांतपणी हे कोणालाही पाहता येते. कांचीपुरमच्या अस्सल साडीत काठ आणि अंग यांचे रंग वेगळे असतात, आणि ते एकाच ताण्यावर वरवर उमटविलेले नसतात. विणकर अंगाचा धोटा वेगळा आणि काठाचा वेगळा चालवितो आणि दोहोंचे धागे एकमेकांत अडकवितो. या विणीला ‘कोरवै’ म्हणतात. साडी उलटी केली की काठाच्या सांध्याशी करवतीच्या दात्यांसारखी बारीक सांधणी दिसते. पदराचा रंग निराळा असेल तर तेथे ताण्याचे धागे नव्याने जोडलेले असतात. त्याला ‘पेट्नी’ म्हणतात, आणि त्या जागी हाताला किंचित जाड पट्टी लागते. जरीची परीक्षा आणखी सोपी. खऱ्या जरीच्या गाभ्यात तांबडा रेशमी धागा असतो, त्यावर चांदीची तार आणि तिला सोन्याचा मुलामा. जर किंचित खरवडली आणि आत पांढरा वा भलताच धागा दिसला, तर समजावे. रेशमाचा एखादा सुटा धागा जाळला तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची गोळी होते. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून ‘सिल्क मार्क’ची खूणचिठ्ठी मिळू लागली आहे, परंतु ती रेशमाची खात्री देते, हातमागाची नव्हे, त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा पाहावा लागतो. कांचीपुरमच्या साडीला २००५-०६ साली भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली आहे. इतके सारे असूनही घाईत असलेला मनुष्य यांपैकी काहीच पाहत नाही. मी तरी पाहिले नाही.

लग्नाचा मुहूर्त जानेवारीच्या अखेरीस, तै महिन्यात निघाला. मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, पुन्हा लग्ने नाहीत. त्या महिन्यात चेन्नई संगीतसभांना वाहिलेली असते. या खेपेस मी मामींना शरण गेले. त्यांनी एक शंभर पानी वही मागवली आणि मुहूर्ताची तारीख शेवटच्या पानावर लिहिली. पहिल्या पानावर नव्हे. “आता मागे मागे चल,” म्हणाल्या. पोलक्याची अंगावर घालून पाहणी मुहूर्ताच्या आधी पंधरा दिवस. शिंप्याकडे कापड त्याआधी एक महिना. म्हणजे डिसेंबरच्या मध्याला साडी घरात. साडी विणावयास तीन आठवडे धरले, तर नोव्हेंबरात मागावर. मी समाधानाने मान डोलावली. मामी म्हणाल्या, “आणि नोव्हेंबरात कांचीपुरमला पाऊस. माग बंद.”

हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. कांचीपुरम चेन्नईहून सुमारे पाऊणशे किलोमीटर. तेथले पुष्कळ माग अजून खड्ड्याचे आहेत. विणकर जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या चालवितो. पावसाळ्यात खड्ड्यात ओल येते, कधी पाणीच भरते, आणि दमट हवेत रेशमाचा धागा नीट चालत नाही. शिवाय ताण्याची पाजणी, म्हणजे त्याला खळ देण्याचे काम, सकाळच्या वेळी उघड्या रस्त्यावर लांबच लांब ताणा पसरून करतात. पाऊस आला की तेही थांबते. म्हणून सप्टेंबर महिन्यातच मी आणि भाची आगगाडीने कांचीपुरमला गेलो आणि विणकरांच्या एका सहकारी संस्थेत जाऊन बसलो.

वाचकांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी एकदा तरी हे गाव साडी घेण्यासाठी नव्हे, साडी होताना पाहण्यासाठी बघावे. रेशमाचे सूत बहुतांशी कर्नाटकातून येते. ते साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यातून काढले की अंगचा चिकटपणा जाऊन त्याला झळाळी येते. मग रंगणी: कढईत लडी बुडवून हाताने फिरवीत राहावयाच्या; उन्हात वाळवावयाच्या. जर सुरतेहून येते. खुद्द कांचीपुरमातही १९७१ पासून राज्य सरकारचा जरीचा कारखाना आहे. कोरवै विणताना मुख्य विणकराबरोबर दुसऱ्या काठाचा धोटा चालविणारा एक मदतनीस लागतो. पूर्वी घरातली मुलेच ते काम करीत. आता मुले शाळेत जातात, हे उत्तमच झाले, परंतु त्यामुळे कोरवै विणणारे माग कमी होत चालले आहेत. साधी साडीदेखील आठ-दहा दिवस घेते. भरजरी साडीला तीन आठवडे, क्वचित महिना. त्या महिन्याची मजुरी विणकराला मिळावयाची ती साडी मागावरून उतरल्यावर. आगाऊ मागणी असली म्हणजे त्याला रिकामे बसावे लागत नाही, व्यापाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. आपण मात्र दुकानात घाई करतो तेव्हा नेमके त्याचेच काम यंत्राकडे जाते. ज्या साड्या फक्त हातमागावर विणाव्यात असे १९८५ चा राखीव वस्तूंचा कायदा सांगतो, त्यांच्या नकला यंत्रावर होतात त्या घाईच्या गिऱ्हाइकांच्या बळावरच.

संस्थेत आमच्यापुढे एक पेच उभा राहिला. भाचीला हवा होता हळदीचा पिवळा, म्हणजे आपल्याकडे मामाने द्यावयाच्या अष्टपुत्रीचा रंग, आणि काठ तामिळ पद्धतीचा लाखेच्या रंगाचा. तसा ताणा तयार नव्हता. नवा चढविणे शक्य होते. परंतु एक ताणा बहुधा तीन साड्यांचा असतो. तीन पिवळ्या साड्या घेऊन करावयाचे काय? तेथे बसलेल्या एका वयस्क विणकरांनी मार्ग सुचविला. ताणा पिवळाच, परंतु दुसऱ्या साडीला बाणा हिरवा घातला की अंग पोपटी धूपछाव होईल, आणि तिसरीला तांबडा घातला की मधासारखे केशरी. भाचीने माझ्याकडे पाहिले. पहिली तिची, दुसरी तिच्या आईची, तिसरी सासूबाईंची. एका ताण्यावरच्या तीन साड्या! माझ्या आयुष्यात मी इतका चांगला सौदा केलेला नाही, आणि तो सौदा माझा नव्हताच.

पैशांचा विचार येथे करावयास हवा, कारण रेशमाच्या गोष्टी ऐकताना तो हटकून मागे पडतो. लग्नाच्या कपड्यांसाठी कर्ज काढणारी घरे मी पाहिली आहेत. ते कर्ज साडीचा जर काळवंडला तरी फिटत नाही. तामिळनाडूच्या हातमाग विणकरांची शिखरसंस्था ‘को-ऑपटेक्स’ १९३५ साली स्थापन झाली. तिच्या भांडारांत दिवाळीला तीस टक्क्यांपर्यंत सवलत असते. शिवाय तेथे एक बचत-योजना आहे. दरमहा ठरावीक रक्कम भरीत जावे, अखेरचा हप्ता संस्था आपल्या पदरचा घालते आणि त्या रकमेचे कापड मिळते. काही वर्षांमागे या संस्थेने साडीबरोबर विणकराचे नाव आणि छायाचित्र असलेली चिठ्ठी जोडण्यास आरंभ केला होता. अशी चिठ्ठी हाती आली की भाव करताना जीभ थोडी अडखळते, हा माझा अनुभव. साखरपुड्यानंतर मी या योजनेत हप्ते सुरू केले. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन.

आणि रेशीमच हवे, असे तरी कोणी सांगितले? कांची कामकोटी पीठाचे चंद्रशेखरेंद्र सरस्वती हे त्या रेशमाच्याच गावचे शंकराचार्य. लग्नात रेशमी वस्त्रे वापरू नयेत, त्यापायी जीवहत्या होते आणि गरिबांना खर्च परवडत नाही, असे ते सांगत असत. मे महिन्यात, इकडे ‘कत्तिरी’चे ऊन म्हणतात त्या दिवसांत, भरजरी साडी नेसून होमापाशी बसलेल्या नवरीकडे पाहिले की मला त्यांचे म्हणणे पटते. चेट्टिनाडची जाड विणीची चौकड्यांची सुती साडी किंवा मदुरैची ठिपक्यांची सुंगुडी अशा वेळी अंगाला सुखाची आणि दिसावयास कोठे कमी नसते. मात्र सुती कापड समारंभाआधी एकदा मिठाच्या पाण्यातून काढून रंग पाहून घ्यावा. मद्रासच्या चौकड्यांच्या कापडाचा रंग जातो म्हणून एकेकाळी अमेरिकेत तक्रारी झाल्या होत्या. तेथील चतुर व्यापाऱ्यांनी मग ‘रंग जाणारे मद्रास’ अशीच त्याची जाहिरात करून ते खपविले. आपल्याला लग्नमंडपात ती सोय नाही.

दोन घरांचे रिवाज जुळवावयाचे असतात तेव्हा कपड्यांची वही हाच मोठा आधार होतो. वराकडच्या मंडळींनी सांगितले की, मंगळसूत्र बांधण्याच्या वेळी नवरी नेसते ते ‘कूरैप्पुडवै’ आम्ही आणणार, आणि ते नऊवारी असते. ताईला केवढा आनंद झाला! नऊवारी म्हणजे आपलीच की. परंतु तामिळ ब्राह्मण घरांतील ‘मडिसार’ नेसण्याची रीत निराळी. कासोटा असला तरी निऱ्यांची ठेवण वेगळी आणि पदर कोणत्या खांद्यावर घ्यावयाचा हेही घराण्यावर अवलंबून. भाचीने डिसेंबरात दोन रविवार मामींकडे जुन्या सुती नऊवारीवर सराव केला. बसावयाचे, उठावयाचे, सात पावले चालावयाची. तिसऱ्या खेपेस तिला ते जमले. मुहूर्ताच्या दिवशी पहिल्यांदा नेसली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच नको.

एक गोष्ट तर आम्ही वेळेवर बोललो म्हणूनच निभावली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आपल्याकडे सुनेला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. इकडे नव्या सुनेला काळे म्हणजे अशुभ! ताईने तर चंद्रकळा पुण्याहून मागवून ठेवली होती, सासूबाईंना चकित करावयाचे म्हणून. मी वहीत ‘संक्रांत: काळी’ असे लिहिलेले मामींनी वाचून घेतले, आणि त्यांची मुद्रा पाहून मी सावध झाले. पोंगलही त्याच दिवशी. सासूबाईंना आधीच भेटून समजावून सांगितले: थंडीचे दिवस, काळा रंग ऊब धरतो, म्हणून तो आमच्याकडे त्या एका दिवशी शुभ. त्यांनी विचार करून उत्तर दिले, “सकाळी पोंगल उतू जाताना आमची पिवळी, संध्याकाळी तुमच्या हळदीकुंकवाला काळी.” ती संक्रांत अजून यावयाची आहे, परंतु तंटा मिटला आहे.

पुरुषांच्या कपड्यांचा विचार कोणी करीत नाही, आणि मग मांडवात तेच सर्वांत केविलवाणे दिसतात. आमच्या मेहुण्यांना वेष्टी नेसावयाची होती. वेष्टीचा मान इकडे किती, तर २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात वेष्टी नेसून आलेल्या मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना अडविले गेले, तेव्हा विधानसभेने त्याच वर्षी अशी बंदी मोडणारा कायदा केला. मेहुणे धोतराच्या घरातले असल्यामुळे निर्धास्त होते. पण वेष्टीला कासोटा नसतो! हल्ली व्हेल्क्रोची पट्टी लावलेली वेष्टी मिळते. ती आम्ही गुपचूप आणली.

शिंप्याविषयी चार शब्द. नवे पोलके शिवावयास देताना नीट बसणारे जुने पोलके बरोबर द्यावे. मापाच्या फितीपेक्षा ते अधिक खरे बोलते. अस्तर आधी पाण्यातून काढून वाळवून मग द्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे रेशीम चुण्या धरते. शिवणीत दोन्ही बाजूंनी दोन बोटे माया ठेवावयास सांगावी, आणि सांगून थांबू नये. आणताना उलटून पाहावी. वाढत्या वयाच्या मुलींच्या परकराला खाली दुमडून दोन टीप घालून घ्याव्यात. दर वर्षी एक उसवली की तोच परकर तीन दिवाळ्या पाहतो. आमच्या शिंप्याच्या दुकानावर दिवाळीच्या तीन आठवडे आधी ‘नवीन काम बंद’ अशी पाटी लागते. तो भला मनुष्य आहे. परंतु पाटी लागल्यावर तो माझ्याकडे पाहतसुद्धा नाही.

आधीपासून केलेली तरतूद ही काही केवळ सुखवस्तू घरांची चैन नाही. तामिळनाडू सरकारने १९८३ साली पोंगलनिमित्त गरीब कुटुंबांना साडी आणि वेष्टी मोफत देण्याची योजना सुरू केली. जानेवारीत वाटावयाचे कापड काही महिने आधीच विणावयास द्यावे लागते, आणि त्यामुळे सणाला गोरगरिबांच्या अंगावर नवे वस्त्र येते तसे मंदीच्या दिवसांत विणकरांच्या हाताला कामही मिळते. कापड पोहोचण्यास एखाद्या वर्षी उशीर झाला की वर्तमानपत्रांत ओरड होते, ती योग्यच. पोंगल उलटून गेल्यावर आलेली साडी ही पोंगलची साडी नव्हे.

नोव्हेंबरात पाऊस आला. कांचीपुरमहून निरोप मिळाला की माग दोन आठवडे बंद आहेत. गेल्या खेपेस मी रडकुंडीला आले असते. या वेळी वही उघडून पाहिली तर मामींनी तेथे अगोदरच तीन आठवडे कोरे सोडले होते. साड्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आल्या, एकाच जुन्या सुती पंचात गुंडाळलेल्या. लग्नाच्या दिवशी तिघीजणी एका ओळीत उभ्या राहिल्या: हळदीची, पोपटी आणि केशरी. पाहणाऱ्यांना त्या तीन निरनिराळ्या साड्या वाटल्या. सासूबाईंनी ताईचा पदर हातात धरून तो आपल्या पदराशेजारी ठेवला आणि उलटा करून कोरवै पाहिली. मग काही न बोलता दोन्ही पदर सोडले. ताईला वाटले, त्या फक्त कापडाचा पोत पाहत आहेत.

सारेच काही ठरल्याप्रमाणे झाले असे मात्र नाही. माझ्या स्वतःच्या साडीचा विचार मी वहीत कोठेच लिहिला नव्हता. दहा वर्षांपूर्वीची एक साडी काढली, तर घडीवर जर तडकलेली. रेशमी साड्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवाव्या, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून उलट घालावी, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नयेत, हे मी जगाला सांगते. शेवटी त्या दिवशी मी मामींची साडी नेसले.

आता पुन्हा आडी लागली आहे. यंदा भाचीची पहिली दिवाळी, इकडच्या भाषेत ‘तलै दीपावळि’. लेक-जावयांनी नरकचतुर्दशीला मुलीच्या माहेरी यावयाचे, तेथेच अभ्यंगस्नान, तेथेच नवे कपडे. आपल्या दिवाळसणाची ही सख्खी बहीणच. माहेर सांगलीला, म्हणून ताई-मेहुणेच माझ्या घरी येणार आहेत. को-ऑपटेक्सचे माझे हप्ते या महिन्यात पुरे झाले. भाचीची साडी ठरली, पोलक्याचे कापड शिंप्याकडे गेले, अस्तर काल पाण्यातून काढून वाळत घातले आहे. मामींच्या नातीचा परकर यंदा दुसरी टीप उसवून होणार आहे. माझी साडी या वेळी मी पहिल्या ओळीत लिहिली. जावयाच्या वेष्टीपुढची जागा मात्र अजून कोरी आहे. त्याला काठ हिरवा आवडतो की तपकिरी, हे भाचीला विचारावयाचे राहून गेले. संध्याकाळी ती घरी आली की विचारते.